एअर फ्रायरमधलं सॉसेज: कधी जमतं, कधी फुटतं, असं का?

तक्रार बहुतेक घरांत एकाच सुरात येते. पाकीट तेच, मशीन तेच, तापमान तेच, मिनिटं तीच. तरी मंगळवारी सॉसेज छान खरपूस होतं आणि रविवारी, चार माणसं टेबलाशी येऊन बसलेली असताना, नेमकं फुटतं. नाहीतर वरून करपतं आणि आतून गार निघतं. मग कोणी मशीनला बोल लावतं, कोणी पाकिटाला. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. ‘सगळं तेच होतं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यातल्या तीन-चार गोष्टी रोज बदललेल्या असतात, फक्त त्या मशीनच्या आकड्यांत दिसत नाहीत.

आता मुळात पाकिटातल्या या प्री-कुक्ड, म्हणजे आधीच शिजवलेल्या सॉसेजमध्ये शिजवायचं काही उरलेलंच नसतं. कारखान्यात मांस, चरबी, बर्फ, मीठ आणि मसाला एकत्र वाटून गुळगुळीत लगदा करतात, तो आवरणात भरतात आणि आतपर्यंत शिजवूनच थंड करतात. आपल्याकडं मिळणाऱ्या बऱ्याच चिकन सॉसेजचं सेल्युलोजचं आवरण तर पाकिटात भरण्याआधीच सोलून काढलेलं असतं. आपल्याला जी साल वाटते ती मांसातल्या प्रथिनांचीच घट्ट झालेली कड असते. म्हणजे घरी दोनच कामं राहतात: गाभा गरम करणं आणि बाहेरून रंग आणणं. गाभा ७४ अंश सेल्सिअसपर्यंत गेला की पुरे होतो. रंग मात्र पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढं गेल्याशिवाय नीट धरत नाही. ही दोन कामं २०० अंशांवर एकदम उरकायला गेलं की जो गोंधळ होतो, त्याची पुढची सगळी गाऱ्हाणी.

सगळ्यात आधी पाकीट

‘प्री-कुक्ड’, ‘फुल्ली कुक्ड’ किंवा ‘हीट अँड ईट’ असं लिहिलेलं असेल तरच खालचं वाचा. नुसतं ‘रेडी टू कुक’ लिहिलेलं असेल तर थांबा, त्यावरून काहीच कळत नाही. मागच्या बाजूची कृती वाचावी लागते. मुंबई, पुणे, गोव्याकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ताजी सॉसेज मिळतात ती पुष्कळदा कच्ची असतात. दाबली तर लगद्यासारखी दबतात, रंग सारखा नसतो, आत चरबीचे पांढरे ठिपके दिसतात. त्यांना खरोखर शिजवावं लागतं आणि वेळ कितीतरी जास्त लागतो.

गोव्याच्या चोरिसाचं विचाराल तर त्याला एअर फ्रायरमध्ये घालूच नका. ते डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे तुकडे, मिरची, लसूण, व्हिनेगर आणि भरपूर मीठ घालून मुरवलेलं, वाळवलेलं असतं, पण शिजवलेलं नसतं. वाऱ्याच्या झोतात ते बाहेरून दगड होतं आणि चरबी सगळी खाली ठिबकते. त्याची जागा पातेल्यात आहे: आवरण काढायचं, कांदा आणि थोडं पाणी घालून मंद आचेवर शिजवायचं, सुटलेल्या लाल तेलात पाव बुडवायचा. तेल खाली गळून जाणार असेल तर चोरिस करण्यात अर्थ काय राहिला?

गोठलेलं की वितळलेलं: निम्मं दुखणं इथं आहे

एअर फ्रायरच्या ज्या कृती आपण शोधून काढतो त्या बहुतेक अमेरिकेतल्या असतात. तिथं प्री-कुक्ड सॉसेज दुकानात बहुधा फ्रीजच्या कप्प्यात मिळतं, म्हणजे सुरुवातीलाच चार-पाच अंशांवर असतं. आपल्याकडं ते उणे १८ अंशांच्या फ्रीजरमधून येतं. कृतीत लिहिलेलं असतं ‘४०० अंशांवर ८ मिनिटं’, तेही फॅरनहाइट, म्हणजे आपले साधारण २०४. आपण ते गोठलेल्या सॉसेजला लावतो आणि मग आतून बर्फ लागतो.

फरक किती पडतो ते बघण्यासारखं आहे. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला ३३४ ज्यूल उष्णता लागते, त्यात त्याचं तापमान एका अंशानंही वाढत नाही. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत जातं. सॉसेजमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. म्हणजे गोठलेल्या सॉसेजला नुसतं वितळायलाच जवळजवळ तेवढी उष्णता खर्च होते, जेवढ्यात वितळलेलं सॉसेज गरम होऊन ताटात आलं असतं. बाहेरच्या कडेला हे ठाऊक नसतं. आत बर्फ वितळत असतो तेव्हा कड २०० अंशांच्या झोतात कोरडी पडत, करपत असते.

आणि हीच ती रोज बदलणारी पहिली गोष्ट. मंगळवारी पाकीट सकाळी फ्रीजरमधून काढून खाली ठेवलं होतं, रविवारी आयत्या वेळी काढलं. आकडे दोन्ही दिवशी सारखेच. पाकीट अर्धवट वितळलेलं असलं तर आणखीच मजा, कारण कडेची सॉसेज मऊ पडलेली असतात आणि मधली दोन दगड असतात. एकाच घाण्यात काही फुटतात, काही गार राहतात आणि आपण म्हणतो, मशीन सगळीकडं सारखं तापत नाही.

उपाय सोपा आहे. रात्री पाकीट फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर उघड्यावर तासन्‌तास ठेवू नका, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. आठवण राहिली नाही तर लागतील तेवढीच सॉसेज पिशवीत बंद करून नळाच्या गार पाण्यात बुडवा. बारीक सॉसेज अर्ध्या तासाच्या आत वितळतात. एकमेकांना चिकटलेली सॉसेज सुरी घालून उचकटायला जाऊ नका. साल तिथंच सोलली जाते आणि पुढं बरोब्बर तिथूनच फुटतं. पाण्याखाली धरली की आपोआप सुटतात. एकदा पूर्ण वितळलेली परत फ्रीजरमध्ये टाकू नका.

फुटतं कसं, ते जवळून

खिडकी असलेलं मशीन असेल तर दिवा लावून एकदा बघाच. फ्रीजरमधलं सॉसेज थेट २०० अंशांवर टाकलं की आधी अंगावरचं दव वितळतं आणि पाण्याचे थेंब उभे राहतात. मग टोकं कोरडी पडतात, तांबूस होतात; मधलं पोट अजून फिकट आणि ओलंच. थोड्या वेळानं पोट फुगायला लागतं, साल ताणून चकचकीत होते. मग एका अंगाला बारीक रेघ उमटते, ती बघता बघता उघडते, आतला फिकट गुलाबी मगज बाहेर येतो आणि त्याच्या कडेनं चरबीचे बुडबुडे चरचरतात. तिथून पुढं ओलावा धडाधड जातो.

रेघ जवळजवळ नेहमी लांबीच्या दिशेनं पडते, आडवी पडत नाही. याचं कारण आकारात आहे. आतून दाब वाढला की नळीच्या भिंतीवर गोलाईच्या दिशेनं येणारा ताण लांबीच्या दिशेतल्या ताणाच्या बरोबर दुप्पट असतो. भिंत जिथं जास्त ताणली जाते तिथं फाटते आणि उभी चीर पडते. दाब येतो तो वाफेमुळं. पाण्याची वाफ झाली की जागा सोळाशेपट वगैरे लागते. सालीच्या लगेच खालचा थर १०० अंशांना पोचला आणि वाफेला बाहेर पडायला वाट नसली की ते सॉसेज म्हणजे शिट्टी तुंबलेला कुकर.

म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. वाफेला वाट द्यायची आणि वाफ होण्याचा वेग कमी ठेवायचा. नुसती चीर देऊन २०० अंशांवरच ठेवलं तर फुटणार नाही, पण कोरडं होईल. नुसतं तापमान उतरवलं तर फुटणार नाही, पण रंग येणार नाही. दोन्ही हवं.

चीर कशी द्यायची यावर लोकांची मतं टोकाची असतात. माझं मत: साल काढलेल्या, गुळगुळीत वाटणाच्या सॉसेजला खुशाल चिरा द्या. सुरीनं तिरक्या, दोन-तीन मिलिमीटर खोल, एका अंगाला तीन-चार. यातलं पाणी प्रथिनांच्या जाळ्यात धरलेलं असतं, चीर दिली म्हणून रस वाहून जात नाही. उलट चिरेच्या कडांना जास्त रंग येतो आणि त्या कुरकुरीत लागतात. काट्यानं भोकं पाडू नका. ती भोकं तापल्यावर मिटतात आणि वाफ परत कोंडते. जाड आवरण असलेल्या, भरड मांसाच्या सॉसेजला मात्र हात लावू नका. त्यातली वितळलेली चरबी मोकळी असते, भोक दिसलं की ती बाहेर पळते. तिथं आच कमी ठेवणं हाच एक मार्ग.

चीज भरलेल्या सॉसेजला चीर दिलीत तर चीज बास्केटच्या जाळीत आणि सॉसेज पोकळ. त्याला १५० अंशांच्या आसपासच ठेवायचं, रंगाची फार आशा धरायची नाही आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटं थांबायचं. मुलांच्या हातात लगेच दिलं तर आतलं चीज जीभ भाजतं, वरून काही कळत नाही.

मग आच किती?

माझा क्रम दोन टप्प्यांचा. नेहमीची बोटाएवढी ब्रेकफास्ट सॉसेज पूर्ण वितळलेली असतील तर आधी १६० अंशांवर चार-पाच मिनिटं, मग उलटून २०० अंशांवर दोन मिनिटं. पहिल्या टप्प्यात गाभा गरम होतो आणि अंगावरचा ओलावा उडतो, दुसऱ्यात रंग येतो. दुसऱ्या टप्प्यात उठून जाऊ नका. १९० च्या पुढं एका मिनिटात खरपूसचं करपलेलं होतं.

जाडी वाढली की वेळ नुसत्या त्या पटीत वाढत नाही, वर्गात वाढतो. दोन सेंटिमीटर जाडीच्या सॉसेजला गाभ्यापर्यंत तापायला चार मिनिटं लागत असतील तर तीन सेंटिमीटरच्या जंबोला सहा नाही, नऊ लागतील. जंबो आणि कॉकटेल एकत्र टाकणाऱ्यांचं काय होतं ते यावरून कळावं. जंबोला १५० अंशांवर आठ-नऊ मिनिटं आणि शेवटी २०० वर दोन. छोट्या कॉकटेलला १६० वर तीन मिनिटं आणि मग दोनच्या आत रंग. हे आकडे सुरुवातीला धरायचे आहेत, शेवटचा शब्द नव्हेत, कारण पुढं सांगतेय त्याप्रमाणे तुमचं मशीन आणि तुमची वीज त्यात आपली भर घालणार.

आणखी एक वाट आहे, ती मला सगळ्यात बिनधोक वाटते. पाणी उकळा, गॅस बंद करा, त्यात सॉसेज पाच-सहा मिनिटं झाकून ठेवा. जर्मनीत फ्रँकफर्टर असंच गरम करतात, उकळत्या पाण्यात ठेवत नाहीत, कारण उकळलं की ते फुटतं. गाभ्याचं काम पाण्यानं करून टाकलं, आता एअर फ्रायरला फक्त रंग द्यायचाय. बाहेर काढून कोरडं पुसा, बोटानं तेलाचा हात फिरवा आणि आधीच तापलेल्या मशीनमध्ये २०० अंशांवर तीन मिनिटं. पातेलं एक जास्त घासावं लागतं हे खरं. पण दहा माणसांचा नाश्ता असेल आणि फुटलेलं सॉसेज वाढायचं नसेल तर हेच करावं.

पहिला घाणा बरा, दुसरा करपला

ही तक्रार इतकी नेमकी येते की ऐकताच कारण सांगता येतं. पहिल्या घाण्याच्या वेळी मशीन गार होतं. डबा, बास्केट, कॉइलभोवतीचा पत्रा, सगळं तापायला दोन-तीन मिनिटं गेली. तुमच्या सात मिनिटांतली खरी चार-पाचच कामाला आली. दुसऱ्या घाण्याला सातच्या सात मिनिटं पूर्ण आच मिळाली. म्हणून एक तर पहिल्याआधी मशीन रिकामं तीन मिनिटं तापवा, नाहीतर दुसऱ्या घाण्याची पहिल्या टप्प्यातली दोन मिनिटं कापा.

मशीन रिकामं तापवताना आत कागदी लायनर ठेवू नका. वर वजन नसलं की पंख्याच्या झोतानं तो उडून कॉइलला चिकटतो आणि जळतो. खरं तर सॉसेजला लायनर नकोच. बास्केटला भोकं दिली आहेत ती हवा खालून फिरावी म्हणून. ती कागदानं किंवा फॉइलनं झाकली की खालची बाजू वाफेत राहते आणि पांढरट, लिबलिबीत निघते.

गर्दीचंही तेच. सॉसेज एकमेकांना टेकली की टेकलेल्या जागी हवा पोचत नाही, तिथं फिके पट्टे राहतात. मध्ये बोटभर जागा सोडून एकाच थरात जेवढी मावतात तेवढीच ठेवायची. चार लिटरच्या मशीनमध्ये अख्खं पाकीट ओतून ‘मधे एकदा हलवलं की झालं’ हे फ्रेंच फ्राइजला चालतं, सॉसेजला चालत नाही.

संध्याकाळची गोष्ट वेगळी का

याच्याकडं कोणी लक्ष देत नाही, म्हणून जरा सविस्तर.

घरात येणारी वीज कागदोपत्री २३० व्होल्ट. संध्याकाळी सगळ्यांचे पंखे, एसी, गीझर, पंप सुरू झाले की बऱ्याच ठिकाणी ती २०० च्या आसपास उतरते. गावाकडं आणि जुन्या इमारतींत आणखीही. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गावर ठरते. २३० व्होल्टला १५०० वॉट देणारी कॉइल २०० व्होल्टला साधारण ११३५ वॉटच देते, म्हणजे जवळजवळ पाव भाग गायब. थर्मोस्टॅट असतो म्हणून शेवटी मशीन ठरलेल्या तापमानाला पोचतं, पण सावकाश. तासभर चालणाऱ्या केकला हे फारसं जाणवणार नाही. सॉसेजचा सगळा खेळ सात मिनिटांचा, त्यात तापण्यातच एक-दोन मिनिटं जास्त गेली की निकाल बदलतो. सकाळी जमणारं सॉसेज संध्याकाळी फिकं आणि गार निघतं त्याला हे एक कारण. थंड मशीनपासून सुरुवात केली तर फरक जास्त, आधी तापवून घेतलं तर बराच कमी. म्हणून वर आधी तापवण्याचं सांगितलं.

त्यातच मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेलं असेल तर त्या बारीक वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडतं आणि वायर तापते. १५०० वॉटचं मशीन साडेसहा अँपिअर ओढतं. साधा छोटा सॉकेट सहा अँपिअरचा. मिक्सरच्या प्लगला हे मशीन लावायचं नाही. १६ अँपिअरचा मोठा पॉइंट, ज्याला फ्रीज किंवा गीझर लावतो तसला, त्याला थेट लावा. प्लग हाताला गरम लागत असेल तर सॉसेज राहू दे, आधी वायरमनला बोलवा.

वीजही ठीक, तरी दर वेळी करपतंय किंवा दर वेळी फिकं राहतंय, असं असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. सेन्सर असतो एका जागी, सॉसेज असतं दुसरीकडं, आणि लहान मशीनमध्ये वरच्या कॉइलपासूनचं अंतर इतकं कमी असतं की जंबोची पाठ जवळजवळ तिला टेकायला येते. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आत ठेवून १८० ला दहा मिनिटं चालवा. दहा-पंधरा अंश इकडं-तिकडं निघाले तर ते कायमचं डोक्यात धरून पुढं चाला, दुरुस्तीला नेण्यासारखं ते नाही.

सुरकुत्या, चिवटपणा, रंग नाही

बाहेर काढताना टम्म होतं आणि ताटात येईपर्यंत सुरकुतलं, असं होत असेल तर थोडंफार चालायचंच. आत साठलेली वाफ गार झाली की तिचं पाणी होतं, फुगलेली साल मागं बसते. खोल घड्या पडून सॉसेज बारीक, चिवट झालं असेल तर मात्र पाणी उडालंय. ही प्रथिनं कारखान्यात एकदा शिजून घट्ट झालेली असतात. त्यांना पुन्हा जास्त तापवलं की ती आणखी आवळतात आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. ते परत येत नाही. शंका असेल तर घरच्या वजनकाट्यावर आधी आणि नंतर तोलून बघा. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर मिनिटं कमी करा, तापमानाला हात लावू नका.

रंगच येत नाही याचं कारण नव्वद टक्के वेळा ओलावा. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या वर जात नाही, मग आत हवा कितीही तापलेली असू दे. पाकिटातून काढल्यावर कागदी रुमालानं पुसा. सहा सॉसेजला अर्धा चमचा तेल पुरतं, ब्रशनं किंवा हातानं लावा. कॅनमधल्या स्प्रेमध्ये तेलाबरोबर लेसिथिन असतं, त्याचा चिकट थर बास्केटच्या नॉनस्टिकवर बसतो आणि मग तो घासता घासता कोटिंगच निघतं.

शेजवान चटणी, मध, केचप, बार्बेक्यू सॉस यांतलं काहीही लावायचं असेल तर शेवटच्या मिनिटाला. साखर आधी करपते, सॉसेज नंतर गरम होतं.

धूर

पांढरा धूर येत असेल तर खालच्या डब्यात गळलेली चरबी तापलीय. चिकनला कमी, डुकराच्या सॉसेजला जास्त. माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तर बास्केटच्या खाली दोन चमचे पाणी घाला, किंवा पावाचा शिळा तुकडा ठेवा, तो चरबी शोषतो. जळकट वासाचा काळा धूर कॉइलवरच्या जुन्या राड्याचा असतो. मशीन गार करून, प्लग काढून, उलटं करून बघितल्याशिवाय तो दिसत नाही.

आतून गुलाबी आहे, कच्चं आहे का?

नाही. हा रंग सोडियम नायट्राइटचा, घटकांच्या यादीत आयएनएस २५० म्हणून लिहिलेला असतो. त्यामुळं मांसातलं रंगद्रव्य शिजल्यावरही गुलाबीच राहतं. गुलाबी जावं म्हणून आच वाढवत राहिलात तर सॉसेजचं रबर होईल, रंग तसाच राहील. गरम झालंय का हे रंगावरून ठरवायचंच नाही. टोचायचा थर्मामीटर असेल तर टोकाकडून लांबीच्या दिशेनं गाभ्यात घाला आणि ७४ बघा. नसेल तर स्टीलची बारीक सळई मध्यापर्यंत घालून पाच सेकंद ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला हळूच लावा. चटका बसला पाहिजे. कोमट लागली तर आणखी दोन मिनिटं १६० वर.

‘शिजवलेलंच आहे ना, मग गार खाल्लं तर काय बिघडतं’ असं म्हणणारे असतात. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि शिजवल्यानंतर, पॅकिंगच्या वेळी मालावर येऊ शकतो. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी या अशाच शिजवून विकल्या जाणाऱ्या मांसातून त्याची साथ आली. हजाराहून जास्त माणसं आजारी पडली आणि दोनशेहून अधिक दगावली, त्यांत तान्ही बाळं बरीच होती. घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल तर गाभा गरम झाल्याची खात्री केल्याशिवाय वाढू नका. एरवीही उघडलेलं पाकीट त्याच्यावर लिहिलेल्या दिवसांतच संपवा.

तरीही जमत नसेल तर

सगळं एकदम बदलू नका. एकच सॉसेज घ्या, पूर्ण वितळलेलं, पुसलेलं, चिरा दिलेलं. मशीन आधी तापवा. १६० वर चार मिनिटं, सळई घालून बघा. गार असेल तर मिनिटं वाढवा, सळई चटका देत असेल तर २०० वर दोन मिनिटं. हे एक जमलं की सहा ठेवा. एक जमतं आणि सहा जमत नाहीत असं झालं तर गर्दी किंवा वीज. एकही जमत नाही तर मशीनचा आकडा खोटा बोलतोय. एक सॉसेज १६० वरही फुटलं तर पाकीट बदलून बघा. मध्ये कधीतरी वितळून परत गोठलेला माल असला तर आत बर्फाचे मोठे खडे आणि पाकिटात लालसर पाण्याचा थिजलेला थर दिसतो. असल्या सॉसेजचं काहीच चांगलं होत नाही, दुकानात परत द्यावं.

उरलेली सॉसेज दुसऱ्या दिवशी पुन्हा एअर फ्रायरमध्ये घालू नका, ती वाळून जातात. पातळ चकत्या करून तव्यावर कांदा-मिरचीबरोबर परता आणि अंडाभुर्जीत टाका. भुर्जीच्या ओलाव्यात त्यांचा चिवटपणा लपतो, आणि मीठ मात्र भुर्जीत निम्मंच घाला, कारण सॉसेजमध्ये ते आधीच भरपूर असतं.